रविवारची सुरुची

कायद्याच्या तासाला लाहिरी मिसनी वाचलेलं ते उदाहरण धड एका ओळीचंसुद्धा नव्हतं. ‘अ’ हा आपण ‘ब’ असल्याचं भासवतो, ‘ब’ ही मृत व्यक्ती आहे. ‘अ’ तोतयेगिरी करून ठकवतो. संपलं. त्याच्या आधीच्या उदाहरणात कुणीतरी श्रीमंत बँकवाल्याचं सोंग घेत होता, त्याला सगळा वर्ग खदाखदा हसला होता, आणि त्या हसण्याचं शेपूट धरून ही ओळ आली नि निघूनही गेली. पंखा खडखडत होता. खिडकीबाहेर कोलकात्याची तिखट भेळ विकणारा झालमुरीवाला डबा वाजवत होता. मृणालला मात्र जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं झालं. तिनं ओळ पुन्हा वाचली. ‘ब’ ही मृत व्यक्ती आहे. ‘ब’ला नाव नव्हतं, वय नव्हतं, ‘ब’ला हिवाळ्यातल्या नव्या, नोलेन गुळाची संदेश मिठाई आवडत नव्हती, ‘ब’ रागावली की तिच्या नाकाचा शेंडा लाल होत नव्हता. छापणाऱ्यांना ठाऊक नव्हतं म्हणून, नाहीतर त्यांनी सरळ ‘सुरुची’ असंच छापलं असतं. आणि ‘अ’च्या जागी, बाईसाहेब, तुमचं नाव!

एरवी मृणाल वर्गात गप्प बसणाऱ्यातली नव्हती. म्हणजे गेल्या वर्षापर्यंत होती. अकरावीच्या पहिल्या दिवशी हजेरी घेताना सरांनी ‘मृणाल’ म्हणून मुलांच्या रांगांत शोध घेतला होता, कारण इथे मृणाल म्हणजे मुलगा, चष्मेवाला, हुशार, बहुतेक कविता करणारा. आणि ही मराठी मुलगी उठून ‘प्रेझेंट’ म्हणेपर्यंत सगळा वर्ग हसून मोकळा झाला होता. ते सगळं मागे पडलं होतं. यंदा तिनं आंतरशालेय वादविवादात पहिला नंबर काढला होता, आणि तेव्हापासून आपल्याला आवाज आहे हे तिला एकदम कळलं होतं, जसं एखाद्याला मिसरूड फुटल्याचं आरशात कळावं. ती हात वर करायची, भांडायची, मिसना ‘पण’ म्हणायची. आज तो हात बाकाखाली होता.

‘मिस, मेलेला माणूस काही तक्रार करायला येणार नाही,’ शेजारची बिदिशा म्हणाली. पुन्हा हशा.

‘तक्रार मेलेल्याची नसतेच, शोना,’ लाहिरी मिस लाडानं म्हणाल्या. ‘जो फसला त्याची असते.’ मग त्यांनी नेहमीसारखा हात वर धरला. एकेका गुन्ह्याची अंगं त्या अशी बोटांवर शिकवायच्या. करंगळी म्हणजे फसवणं. खोटं बोलून फसवा नाहीतर खरं लपवून, दोन्ही तेच. अनामिका म्हणजे त्या फसवण्यामुळे समोरच्याला काही करायला लावणं. मधलं बोट म्हणजे त्यानं ते करणं, वस्तू देणं, सही करणं, एरवी जे केलं नसतं ते. तर्जनी म्हणजे त्यातून होणारं नुकसान. ‘आणि हा अंगठा. हेतू. मनातली लबाडी. ती सुरुवातीपासून हवी. आज खरं वचन दिलं आणि उद्या मोडलं, तर ती ठकवणूक नाही, दिवाणी कोर्टात जा. वचन देतानाच मनात मोडायचं होतं, तर ठकवणूक. अंगठा नसेल तर बाकीची चार बोटं नुसती लोंबत राहतात, मूठ वळत नाही.’ आणि मग माझ्याकडे बघा म्हणून त्यांनी मूठ वळली, अंगठा वरून दाबून. ‘मृणाल, आज काय, संप?’

‘नाही, मिस,’ मृणाल म्हणाली. तिनं बाकाखाली स्वतःची मूठ वळून पाहिली. वळत होती की नाही, हे तिला नक्की सांगता येईना.

घरी येताना ऑटोत ती कडेला बसली होती आणि सॉल्ट लेकचे सगळे सारखे दिसणारे ब्लॉक एकामागून एक मागे जात होते, आणि ती मनात बंगळूरच्या त्या रुग्णालयात होती. लांबच लांब कॉरिडॉर, फिनेलचा वास, आणि निळ्या खुर्च्यांची ओळ. लग्न होऊन बंगळूरला गेलेली सुरुचीआत्या आत होती, म्हणजे आता नव्हती. डॉक्टर येऊन सांगून गेले होते. आत्याचे यजमान केदारकाका भिंतीकडे तोंड करून उभे होते, आई रडत होती, बाबा रडायचं राहून कुठल्याशा कागदांचं विचारत होते, आणि त्यांची पाचवीतली मुलगी ऋता आपल्या आईची चष्म्याची डबी उघडत होती, बंद करत होती, उघडत होती. टक. टक. आत्याचा फोन मृणालच्या मांडीवर ठेवलेला होता, कुणी ठेवला होता कुणास ठाऊक. तो वाजला. पडद्यावर ‘अण्णा’. अण्णा म्हणजे आजोबा; कोलकात्याच्या घरी शेजारच्या काकूंच्या भरवशावर ठेवलेले, डोळ्यांनी जवळजवळ न दिसणारे, हृदयाला डॉक्टरांनी ‘जपा’ म्हणून सांगितलेले आजोबा. सगळ्यांनी फोनकडे पाहिलं. कुणी हलेना. एखादं लहान मूल रडत असावं आणि ते कुणाचं हे कुणालाच माहीत नसावं, तसा तो वाजत राहिला. मृणालनं तो उचलला, फक्त वाजायचा थांबावा म्हणून.

‘सुरुची?’ आजोबा म्हणाले. ‘बरी आहेस ना गं?’

‘हो,’ मृणाल म्हणाली.

तेवढंच. घरात सगळे म्हणायचेच, फोनवर या दोघी ओळखू येत नाहीत म्हणून. आत्याच्या मैत्रिणीसुद्धा फसायच्या. पण तो ‘हो’ मृणालनं आत्याचा म्हणून म्हटला होता का? की नुसता तोंडातून निघून गेला, शिंकेसारखा? ऑटोत बसून ती तो ‘हो’ पुन्हा पुन्हा उलटा करून बघत होती, आत कुठे अंगठा लपलाय का म्हणून. सापडेना. एक मात्र तिला स्वच्छ आठवत होतं. तिनं ‘हो’ म्हटल्याबरोबर टक टक थांबली होती आणि ऋतानं झटकन मान वळवली होती, आईचा आवाज ऐकू आला म्हणून. मग तिला मृणालचं तोंड दिसलं. मग तिनं डबी पुन्हा उघडली.

त्यानंतर ते सुरूच राहिलं. कुणी ठरवलं नाही. ‘आत्ता लगेच नको सांगायला, जरा सावरू दे त्यांना,’ बाबा म्हणाले, आणि आजोबा सावरलेलेच होते, कारण त्यांना काही झालंच नव्हतं. आत्याचा फोन मृणालच्या कपाटात आला. रविवारी संध्याकाळी सुरुचीशी बोलायचं हा आजोबांचा कैक वर्षांचा नेम. ते आपल्या खोलीत खाटेवर बसून बोटांनी चाचपत फोन लावत, आणि त्याच घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, मृणाल तो घेत असे. ती वर जाताना जिन्याचा आवाज कळू नये म्हणून आई मिक्सर लावायची; दर रविवारी आपल्याकडे चटणी का होते असं आजोबांनी कधी विचारलं नाही. टाकीचा लोखंडी पाइप गरम असायचा, कपड्यांच्या दोऱ्या तोंडावर यायच्या, आणि मृणाल सुरुची व्हायची. आधी तिला नीट मराठी व्हावं लागलं. शाळेत, रस्त्यात, मैत्रिणींत तिची तीन भाषांची भेळ चालायची. आत्या मात्र कोलकात्यातच जन्मून आजोबांच्या धाकात वाढलेली, तिचं मराठी कसं स्वच्छ, धुतलेल्या तांदळासारखं. मृणाल वाक्यं आधी मनात जुळवायची. म्हणून कमी बोलायची. ‘हो अण्णा.’ ‘बरंय अण्णा.’ ‘घ्या काळजी.’ आजोबा बोलत राहायचे, ती हो म्हणत राहायची.

एकदा भर बोलण्यात आजूबाजूच्या घरांतून शंख वाजले. दिवेलागणीला इथे वाजतातच. तिला गच्चीवर ऐकू आले ते आजोबांना खिडकीतून ऐकू आले, आणि फोनमधूनही. ‘तुमच्याकडेसुद्धा शंख वाजवतात का गं?’ आजोबांनी विचारलं. मृणालच्या मानेवरचा घाम गार झाला. ‘शेजारी बंगाली आहेत अण्णा.’ ‘अच्छा,’ आजोबा म्हणाले. ‘पोचले म्हणायचे तिकडेही.’ आणि हसले. खाली आल्यावर तिनं ते हसत हसत आईला सांगितलं होतं, वादविवादात प्रतिपक्षाची दांडी उडवल्यासारखं. आपण किती पटकन सुचवलं! आई हसली नव्हती.

हे सगळं, मृणालला वाटत होतं, अजून करंगळीच होती. फसवणं. पण त्यातून कुणाला काही करायला लावलं नव्हतं, कुणी काही दिलं नव्हतं, कुणाचं काही गेलं नव्हतं. उलट एका म्हाताऱ्या माणसाची रविवारची संध्याकाळ शाबूत राहिली होती. नुसत्या करंगळीनं कुणी तुरुंगात जात नाही. मग भवानीपूरच्या घराचा विषय निघाला.

भवानीपूरचं घर म्हणजे पणजोबांनी घेतलेल्या खालच्या मजल्यावरच्या तीन खोल्या, आजोबांच्या नावावर, कित्येक दिवस कुलूपबंद. अर्धं जयप्रकाशचं, म्हणजे बाबांचं, अर्धं सुरुचीचं, असं आजोबा येताजाता म्हणत. आता तिथे बिल्डर आला होता. त्याला एकच मालक हवा होता, तरुण, धावपळ करणारा. बाबांनी दानपत्राचा मसुदा केला, सगळं जयप्रकाशच्या नावे. आजोबांनी तो वाचून घेतला आणि म्हणाले, ‘सुरुचीला विचारल्याशिवाय नाही.’

त्या रात्रीच्या जेवणाआधी बाबा मृणालच्या खोलीत आले. दारात उभे राहिले, आत आले नाहीत. वयात आलेल्या मुलीच्या खोलीत ते हल्ली असेच उभे राहत. ‘मिनू, रविवारी अण्णा विचारतील,’ ते म्हणाले. ‘तू फक्त हो म्हण. नेहमीसारखं.’

‘आणि ऋता?’

‘ऋताचं काय मी खाणार आहे का? आधी काम होऊ दे. तिचं नंतर बघूच ना.’ बाबांनी दाराच्या कडीशी चाळा केला. ‘केदारला सांगेन मी. सावकाश.’

आणि मृणालनं म्हटलं होतं. गच्चीवर, टाकीमागे, कपड्यांच्या दोऱ्यांत. ‘करा सही, अण्णा. मला काय करायचंय तिथलं घर.’ हे दुसरं वाक्य बाबांनी सांगितलेलं नव्हतं, तिनं आपल्या मनानं जोडलं होतं, बरं वाटतं म्हणून! आजोबा म्हणाले, ‘बरं. तू म्हणतेस तर.’ आता येत्या बुधवारी निबंधकांच्या कचेरीतला माणूस घरी यायचा होता, म्हाताऱ्यांसाठी येतात तसा. आजोबांचा फोटो, सही, आणि अंगठा.

चारी बोटं भरली होती. फसवणं, करायला लावणं, देणं, आणि ऋताच्या वाट्याचं घर जाणं. राहिला होता तो हेतू, आणि तो कुणाचा शोधायचा? बाबांचं ‘नंतर बघूच’ खरं होतं का? ते म्हणताना त्यांच्या मनात खरोखर ‘नंतर’ होतं, की कधीच नव्हतं? लाहिरी मिस म्हणतात सुरुवातीपासून. पण सुरुवात कुठली? दारातली कडी, की कॉरिडॉरमधला ‘हो’, की त्याच्याही आधी कधीतरी, बाबा आणि आत्या लहान असताना, पतंगावरून नाहीतर आंब्याच्या कोयीवरून? माणसाचं मन काही खिदिरपूरच्या गोदीत आलेली पेटी नव्हे, पहार घालून उघडायला.

हे पेटीचं बोलणं आजोबांचं. जन्मभर ते गोदीत कस्टम्समध्ये होते. शनिवारी दुपारी मृणाल त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला गेली तेव्हा ते उताणे पडून छताकडे बघत होते, म्हणजे त्या दिशेला तोंड करून होते.

‘आजोबा, तुम्ही कधी फसलात?’

‘एकदम फौजदारी?’ आजोबा म्हणाले. ‘परीक्षा आहे वाटतं.’

‘सांगा ना.’

‘पेटीवर काय लिहिलंय ते वाचायचं नाही, पोरी. लिहायला काय, कुणीही लिहितं. पेटी जरा हलवायची. कापड लिहिलंय आणि वजन लोखंडाचं, की उघड म्हणायचं.’ थेंब गालावर ओघळला, मृणालनं पुसला. ‘पण कधी कधी वजन वेगळं लागलं तरी उघडत नसे मी.’

‘का?’

‘उघडल्यावर ते आत जे असेल ते आपल्याला सांभाळावं लागतं.’ आजोबांनी डोळे मिटून घेतले. ‘दुसऱ्या डोळ्यात घाल. अन् बोलत राहा, तुझा आवाज हल्ली छान फुटलाय.’

मृणालनं दुसऱ्या डोळ्यात थेंब घातला. मग बाटलीचं बूच घट्ट लावलं.

ती थेट स्वयंपाकघरात गेली. आई वाटाणे सोलत होती. मृणालनं सगळं एका दमात सांगितलं, उदाहरण, बोटं, ‘ब’ ही मृत व्यक्ती. म्हणाली, ‘आई, आपण आजोबांना सांगू या. खरं ते.’

‘काय सांगायचं?’

‘आत्या गेली म्हणून.’

आईचे हात थांबले नाहीत. ‘सांग,’ ती म्हणाली. ‘जा, सांग. मुलगी जाऊन पाऊस आला नि गेला, आणि आम्ही सगळे तुम्हाला बनवत होतो, दर रविवारी तुम्ही नातीशी बोलत होतात. ऐकून माणूस बसल्या जागी गेला तर त्याला तुझ्या पुस्तकात काय म्हणतात, तेही बघून ठेव.’ मग एकदम तिचा आवाज उतरला. ‘मला काय चांगलं वाटतं का गं? तो मिक्सर फिरतो ना, माझ्या डोक्यात फिरतो.’

‘मग बाबांना सांग, सही घेऊ नका.’

‘सांगितलं. म्हणाले, तुला कळत नाही.’ आईनं एक वाटाणा निरखून पाहिला, किडका होता, तरी वाडग्यात टाकला. ‘खरंच नाही कळत.’

म्हणजे दोनच रस्ते. गप्प बसावं तर ऋताचं घर जातं, आणि ते मृणालच्या तोंडून जातं. खरं सांगावं तर आजोबा जातील. रात्रभर, झोपेतसुद्धा, चष्म्याची डबी उघडत होती, मिटत होती.

रविवारी उकाडा होता. ऑक्टोबर संपत आला तरी हवेला घाम फुटलेला. खाली मिक्सर सुरू झाला. मृणाल गच्चीवर गेली, टाकीला पाठ लावून बसली, आणि फोन वाजायच्या आधीच तिला कळलं की तिसरा रस्ता आहे, आणि तो तिला कालपासून दिसत होता, फक्त ती त्याच्याकडे बघत नव्हती. कॉरिडॉरमधल्या ‘हो’सारखं आता काही शिंकेसारखं येणार नव्हतं. आता ती जे करणार ते सुरुवातीपासून ठरवून, पुरतं, शुद्धीत. फोन वाजला. तिनं वाजू दिला. मग उचलला.

‘सुरुची?’

‘हो, अण्णा.’

‘बुधवारी येतोय तो माणूस. जयप्रकाशनं चोख सोय केलीय हो. मी म्हटलं, तुला एकदा...’

‘अण्णा, सही करू नका.’

पलीकडे खाट करकरली.

‘करू नका म्हणते मी. अर्धं घर माझं आहे, तुम्हीच म्हणत आलात. माझं म्हणजे ऋताचं. मागे मी हो म्हटलं ते चुकलं. दादाला बिल्डर हवाय, तर दोघांची नावं घाला म्हणावं, नाहीतर राहू दे कुलूप! तुम्ही तरी कसे लगेच बरं म्हणालात? विचारलंत ना मला? मग ऐका आता.’ वाक्यं जुळवायला वेळच नव्हता, ती आपोआप येत होती, धुतलेली, स्वच्छ, आणि तिचा आवाज चढला होता, वादविवादाच्या व्यासपीठावर चढायचा तसा, आणि मधेच तिला कळेनासं झालं की यातला आपला कुठला आणि आत्याचा कुठला. नाकाचा शेंडा गरम झाला होता. ती थांबली. शंख वाजायला लागले, आधी पलीकडच्या घरात, मग त्यापलीकडे, मग फोनमध्ये. तिला आजोबांचं हृदय आठवलं. त्या खाटेवर आत्ता काय चाललं असेल? ती उठून उभी राहिली, जिन्याकडे धावायच्या बेतात.

‘अगं भवाने,’ आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज ओला होता. ‘होतीस कुठे इतके दिवस?’

‘म्हणजे?’

‘आपली सगळ्याला हो अण्णा, हो अण्णा. गोळी घेतली नाही म्हटलं तरी हो, जेवलो नाही म्हटलं तरी बरंय. तू? दहा मिनिटं न भांडता फोन ठेवणारी तू? मी इथे काय काय मनात आणत होतो, सांगून सोय नाही. वाटायचं, ही कोणी दुसरीच बोलतेय. वाटायचं, माझी पोर गेलीय आणि हे मला सांगत नाहीत.’ ते हसायला लागले, मधे खोकले, पुन्हा हसले. ‘वजनच लागत नव्हतं गं तुझं. आज लागलं. घे, नाही करत सही. तुझी शपथ नाही करत. आणि नाताळात ये आता. ऋताला घेऊन ये. येशील ना?’

मृणाल टाकीला टेकली. पाइप अजून गरम होता. एवढे दिवस आजोबा त्या पेटीपाशी उभे होते. हलवून पाहत होते. एखाद्या रविवारी त्यांनी आपण होऊनच उघड म्हटलं असतं, आणि त्यांना आधीच अर्धं ठाऊक असलेलं ते अर्ध्या धक्क्यानं पुरं झालं असतं. खरं बाहेर यायला एवढीशी फट उरली होती, आणि तिनं, आपल्या नव्या फुटलेल्या आवाजानं, नेमकी तेवढीच बुजवली होती. येशील ना, याला ती काहीच म्हणाली नाही. तिनं फोन ठेवला. ऋताचं घर वाचलं होतं. गच्चीवर अंधार उतरत होता आणि शंख एकेक करून थांबत होते.

जेवताना आजोबा कधी नव्हे ते आपणहून टेबलाशी आले, भिंत चाचपत.

‘जयप्रकाश, त्या माणसाला नको म्हणून कळव. सुरुची नाही म्हणतेय.’

बाबांचा घास हातातच राहिला. ‘नाही म्हणतेय?’

‘चक्क. अर्धं मला पाहिजे म्हणाली. तुलाही लावून बोलली. कसली भांडली माहितीये!’

‘अण्णा, ती असं म्हणणं शक्य...’ बाबा म्हणाले, आणि थांबले. मृणालनं त्यांना थांबताना पाहिलं. त्यांच्या तोंडात आलेलं वाक्य, एकच खरं वाक्य, ओठांपर्यंत येऊन उभं राहिलं होतं आणि ते बाहेर पडलं तर सगळंच पडत होतं. आईनं पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे ठेवला.

‘शक्य काय?’ आजोबांनी विचारलं.

‘काही नाही,’ बाबा म्हणाले. ‘तिची मर्जी.’ त्यांनी मृणालकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर तिला सोसलं असतं. त्यांनी ओळख पटवून घेतल्यासारखं पाहिलं. आपल्यासारखंच कुणी घरात वाढलंय, हे आज कळल्यासारखं. मग ते खाली बघून जेवायला लागले.

‘आणि नाताळात येतेय म्हणाली,’ आजोबा म्हणाले. ‘ऋताला घेऊन.’ ते आईकडे वळले. ‘सुचित्रा, नोलेन गूळ यायला लागेल तोवर, संदेश आणून ठेव तिच्यासाठी. आणि मृणाल, तुझी खोली सोडावी लागेल हं आत्याला. तिला खिडकी लागते. देशील ना?’

येतेय असं कुणीच म्हणालं नव्हतं. पण नाही असंही कुणी म्हणालं नव्हतं, आणि खरं लपवणं म्हणजेही फसवणंच, करंगळी. टेबलाखाली मृणालची मूठ वळलेली होती. चारी बोटं आत, आणि वरून अंगठा, घट्ट, नखं तळव्यात रुतेपर्यंत. तिला आपलं अंथरूण दिसलं, नवी चादर घातलेलं, खिडकीपाशी, कुणी न येण्यासाठी. आजोबा मान कलती करून उत्तराची वाट बघत होते.

‘हो,’ मृणाल म्हणाली.

‘अगदी तिच्यासारखं म्हणतेस,’ आजोबा म्हणाले, आणि त्यांनी भातावर आणखी वरण मागितलं.